रामाजीच्या घरचा बस्ता

वडशाच्या बाजारात गुणवंतराव कापगत्यांच्या कापडाच्या दुकानाला पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. लोक म्हणत, "गुणवंतभाऊच्या गादीवर जाऊ." गादी म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेली पांढरीशुभ्र बैठक. चपला पायरीखाली काढायच्या, वर चढायचं, मांडी घालायची. मग पाणी, मग चहा, मग घरादाराच्या चौकशा, आणि शेवटी कापड. ही रीत गुणवंतरावांच्या वडिलांनी घातली होती. गुणवंतरावांनी तिच्यात एवढीच सुधारणा केली की चहात आलं घालायला लावलं.

दुकानाचा खरा मान बस्त्याचा. लग्नाचे सगळे कपडे, नवरीच्या साडीपासून मामाच्या टोपीपर्यंत, एकाच बैठकीत घ्यायचे आणि त्यासाठी अख्खं गणगोत घेऊन दुकानात यायचं, हा इकडचा बस्ता. ज्या दिवशी बस्ता असे त्या दिवशी गादीवर तीळ ठेवायला जागा नसे. म्हाताऱ्या पुढं, पुरुष भिंतीला टेकून, पोरंसोरं दारात, आणि गुणवंतराव मधोमध बसून साड्यांच्या घड्या अशा उलगडायचे की बघणाऱ्यानं दोन घोट चहा विसरावा. नवरीही असायची. मागं कुठंतरी असायची.

आता काळ बदलला म्हणतात, तो कुरखेडा रोडनं बदलत आला. तिथं परवापरवापर्यंत धानाच्या बांध्या होत्या. मग प्लॉट पडले, घरं झाली, दवाखाना झाला, आणि दसऱ्याला एक दुमजली काचेचं मार्ट उघडलं. आत गारेगार, गाणी चालू, साबणापासून शेरवानीपर्यंत सगळं एका छताखाली. नाटकांची जाहिरात करत फिरणारा भोंग्याचा ऑटो आता एक फेरी नाटकाची आणि एक फेरी मार्टाची मारू लागला. आवाज तोच असल्यामुळं काही दिवस लोकांना वाटे की मार्टातही तीन अंकी काहीतरी आहे.

गुणवंतरावांच्या दुकानासमोर झाडू नावाच्या माणसाची चहाची टपरी. तिथं रोज सकाळी या मार्टावर सभा भरे.

"बजार उठन ना बाप्पा यानं," एक जण म्हणे.

"काऊन उठन? गाव मोठं होऊन राह्यलं तं दुकानंबी मोठी होतीन ना," दुसरा.

झाडू स्वतः मार्टाच्या बाजूचा होता आणि त्याचं कारण एकच होतं, पण ते असं होतं की त्यावर उत्तर नव्हतं. "भाऊ, तिथी बायायसाठी संडास हाय. साऱ्या बजारात एक तरी हाय का, सांगा. माही बायको बजारात आली का घरी जाईपर्यंत पाणी पीत नव्हती."

यावर सगळे चहाचा पेला तोंडाला लावत. गुणवंतरावही लावत, आणि मनातल्या मनात झाडूच्या चहाला नावं ठेवत.

त्यांचा राग नुसत्या मार्टावर नव्हता. त्यांची एकुलती एक लेक दिव्यानी त्या मार्टात लाल टी-शर्ट घालून, छातीवर नावाची पट्टी लावून उभी राहत होती. पोरगी याच दुकानात वाढलेली. शाळेतून आली की दप्तर टाकून गादीवर. बी.कॉम. झाल्यावर तिनं एक दिवस सरळ विचारलं, "बाबा, मी बसू का दुकानात? तुमच्या बाजूले?" गुणवंतराव हसले होते. "गादीवर पोरगी बसली तं लोकं काय म्हणतीन? घरी आईले मदत कर." महिन्याभरानं पोरगी मार्टात मुलाखत देऊन आली.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं मिठापाण्यापुरतं उरलं होतं. मीठ दे, पाणी दे. बाकी सगळं टपाल दिव्यानीची आई, आशाबाई, वाहत, आणि वाहता वाहता त्यात स्वतःचे दोन शब्द घालत. "ती म्हणते जेवा, अन् मी म्हणते एवढा ताठा बरा नव्हे."

पण ताठा असा थोडाच जातो? कार्तिक संपता संपता गुणवंतराव झाडूच्या टपरीवर भडकले. कोणीतरी सहज म्हणालं होतं की आता बस्तेसुद्धा मार्टातच जातील. उचलली जीभ लावली टाळ्याला, गुणवंतराव चार लोकांच्या देखत म्हणाले, "आयका. येत्या साली कुरूडच्या रामाजी गुरुजीच्या पोरीचं लगन हाय. त्यायच्या घरचा बस्ता ज्या दिवशी त्या काचेच्या पेटीत जाईन, त्या दिवशी हा गुणवंत कापगते शटर खाली वढन. अन् पुन्हा वर करनार नाई."

बोलले रागात, पण खोटं बोलले नव्हते. तरुण गिऱ्हाईक दसऱ्यापासूनच आटलं होतं. दुकान उभं होतं ते बस्त्यांवर. रामाजी गुरुजी, त्यांच्या बहिणी, त्यांची थोरली मुलगी, सगळ्यांचे बस्ते याच गादीवर बांधले गेले होते. पंचक्रोशीत गुरुजींच्या शब्दाला मान. ते जिकडं गेले तिकडं बाकीचे जाणार. मग साठीला टेकलेल्या माणसानं करायचं काय? घरी बसून आशाबाईंना भाज्या निवडून द्यायच्या? या विचारानं त्यांना खरोखर भीती वाटे, आणि भीती वाटली की ते गादीवरची चादर पुन्हा ताणून नीट करत.

पौषात गुरुजींचा फोन आला. "गुणवंतभाऊ, येत्या रविवारी बस्ता हाय जी. मीराबाई येऊन राह्यली साकोलीवरून. तुम्हीच पाहा आता सारं." मीराबाई म्हणजे गुरुजींची थोरली बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा. गुणवंतरावांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी झाडूच्या चहाची तारीफ केली, आणि झाडूला वाटलं यांना ताप आला आहे.

रविवारी सकाळी गादीवर नवीन चादर पडली. पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा पुढं काढून ठेवला. बौद्धांच्या लग्नात नवरीला पांढरं लागतं, आणि पांढऱ्यातही किती रंग असतात हे गुणवंतराव तासभर सांगू शकत. आलुबोंडे सांगून ठेवले. आणि ते दारात नजर लावून बसले. नाश्त्याची वेळ गेली, आलुबोंडे गार झाले, ऊन पायरीवरून खाली उतरलं. रामाजी आले नाहीत.

आला तो कुलदीप, भोंग्याच्या ऑटोचा मालक. रविवारी तो भोंगा उतरवून सवाऱ्या मारी. टपरीवर चहा घेता घेता तो झाडूला म्हणाला, "गुरुजीची मंडळी सोडून आलो. दोन फेऱ्या झाल्या. मार्टात उतरली सारी."

झाडूनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं, पण बोललेलं बोलून झालं होतं. गुणवंतराव उठले. कोपऱ्यातली आकडी घेतली. शटरला घातली आणि ओढलं. गंजलेलं शटर अर्ध्यावर येऊन अडलं. ते दुसऱ्यांदा ओढणार एवढ्यात खिशातला फोन वाजला.

"गुणवंता!" मीराबाईचा आवाज. फोन कानापासून लांब धरला तरी टपरीवर ऐकू जाईल असा. "तू हायस कुठी? आम्ही येऊन बसलो कवाचे. ना चहा, ना पाणी. काही रीत हाय का नाई?"

"बाई, कुठी बसले तुम्ही?"

"कुठी म्हंजे? तुह्या नव्या दुकानात!"

गुणवंतरावांच्या हातातली आकडी तशीच राहिली. "माह्या?"

"मंग कोनाच्या? तुही पोट्टी उभी हाय ना इथी समोर. ये लवकर. अन् गादी कुठी टाकली रे? साऱ्यायले फरशीवर बसवलं तुह्या मानसायनं."

फोन बंद झाला. गुणवंतराव अर्ध्या शटरखाली उभे होते आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. मंडळींनी त्यांना सोडलंच नव्हतं! या मुलखात माणूस दुकानात जातच नाही, माणसाकडं जातो. पोरगी जिथं उभी, ते दुकान बापाचं, एवढा साधा हिशोब. मीराबाईनं मार्टाची पाटी वाचली नव्हती, जशी तिनं यांचीही कधी वाचली नव्हती.

मोटारसायकलवर टांग टाकताना त्यांच्या मनात एकच वाक्य तयार होतं: "बाई, चुकून आले तुम्ही, चला आपल्या गादीवर." एवढं म्हटलं की मंडळी उठणार. बस्ता परत, मान परत, शटर वर. कुरखेडा रोडपर्यंत त्यांनी ते वाक्य तीनचारदा म्हणून पाहिलं. दर वेळी गोड लागलं.

मार्टात त्यांचा पाय पहिल्यांदाच पडत होता. सवयीनं त्यांनीही दारात वहाणा काढल्या. दारावरचा पहारेकरी हात जोडून म्हणाला, "काका, तुम्हीबी? आधीच ट्रॉली भरली चपलायनं."

आत साड्यांच्या आणि शर्टांच्या रॅकांमधल्या मोकळ्या फरशीवर गुरुजींचं गणगोत गोल करून बसलं होतं. म्हाताऱ्या पुढं, पुरुष रॅकला टेकून, पोरंसोरं सरकत्या जिन्याच्या तोंडाशी. बाकीचं गिऱ्हाईक त्यांना वळसा घालून जात होतं. नागपूरचा तरुण मॅनेजर प्रफुल कमरेत वाकून मीराबाईला समजावत होता की इथं आपलं आपण उठून घ्यायचं असतं. मीराबाई त्याला समजावत होती की आपलं आपण उठून घ्यायला ती काही चोर नव्हे.

आणि या सगळ्याच्या मधोमध दिव्यानी उभी होती. तिच्या नोकरीतला एवढा मोठा सौदा पहिलाच. तिनं बापाला येताना पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं विनवलं नाही. बाप काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं आणि ते ऐकून घ्यायला ती तयार होऊन उभी राहिली. गादीवर बसू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा नकार ऐकून ती अशीच उभी राहिली होती.

तरी वाक्य जिभेवर होतं. ते म्हणालेही असते. पण बाजूच्या मोठ्या आरशासमोर नवरी, संघप्रिया, उभी होती. खांद्यावर पांढरी साडी, बारीक निळ्या काठाची. ती पुढून बघत होती, वळून मागून बघत होती, लांब जाऊन पुन्हा जवळ येत होती. गुणवंतरावांनी आयुष्यात शेकडो नवऱ्यांचे बस्ते बांधले होते, पण नवरीनं साडी स्वतःवर बघताना त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांच्या दुकानात आरसा होता, हातभर, दाढी करायच्या मापाचा.

संघप्रियानं त्यांना आरशात पाहिलं आणि ती जवळ आली. गडचिरोलीच्या दवाखान्यात परिचारिका होती. कठीण गोष्ट सांगायची सवय होती.

"काका, रागावू नका. आत्याले मीच म्हटलं, दिव्यानीच्या दुकानात जाऊ. तुमचं नाव मी घेतलं नाई. पण आत्या तुमचंच दुकान समजली तं मी नाईबी म्हटलं नाई, अन् बाबानंबी नाई."

"काऊन बाई? माह्या दुकानात काय कमी होतं?"

"काई कमी नोतं. ताईच्या बस्त्याले मी होती ना. साऱ्या साड्या आत्याच्या पुढ्यात पडल्या. आत्यानं इचारलं मामीले, मामीनं इचारलं बाबाले. ताई मागं बसली होती. तिले कोनी इचारलं नाई. तुमीबी नाई इचारलं, काका. ताई अजून त्या साडीले हात लावत नाई."

ती भांडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. झालं ते सांगत होती. गुणवंतरावांना ती साडी आठवली. उत्तम साडी होती. कोणत्या फळीवरून काढली तेही आठवलं. ताईचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

"गुणवंता, बोलतच राह्यशील का चहा सांगशील?" मीराबाई गरजली.

गुणवंतराव वळले. दिव्यानीकडं एकदा पाहिलं. मग मीराबाईसमोर फरशीवर मांडी घालून बसले.

"बाई, खरं सांगतो. हे दुकान माहं नाई."

गोलातल्या साऱ्या माना मीराबाईकडं वळल्या. वरचं गाणं चालूच होतं.

"आँ? अन् पोट्टी? पोट्टी तुहीच ना?"

"पोट्टी माहीच."

"मंग आम्ही चुकलो कुठी?" मीराबाई म्हणाली.

गुणवंतरावांचे डोळे भरून आले आणि ते हसले, दोन्ही एकाच वेळी. "नाई चुकले, बाई. बरोबर आले." मग मान वर करून लेकीला म्हणाले, "दिव्यानी, संघप्रियाले दाखव काय दाखवायचं ते. तिच्या पसंतीचं. घाई करू नको." मीठ आणि पाणी सोडून कित्येक आठवड्यांत ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. दिव्यानीनं मान हलवली आणि पटकन पाठ फिरवून रॅकमध्ये शिरली. तिथं तिनं डोळे पुसले असतील. पण ते तिचं तिला माहीत.

मग सगळं सुरळीत झालं. प्रफुल पोरगा शहाणा निघाला. त्यानं चादरींच्या भागातून मोठी सतरंजी आणून अंथरली आणि 'खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीला स्वतःची पाठ लावून उभा राहिला, तेवढ्यात गुणवंतरावांनी फोन करून मागवलेली झाडूची किटली आत आली. नवरीची साडी, नवरदेवाचा सूट, पोरासोरांचे कपडे इथंच झाले. पोरं तर कपडे बदलायच्या खोलीत जाऊन जाऊन थकली. मीराबाई तिथल्या संडासात जाऊन आली आणि परत येऊन भावाला म्हणाली, "चांगलं दुकान हाय रे रामा."

पण आहेराच्या साड्यांची वेळ आली तेव्हा तिनं हात झटकले. "हे उभ्यानं घेतलेलं कापड अंगाले लागत नाई. सोयऱ्याधायऱ्यायचं गुणवंताच्या गादीवर पाहू. माहे गुडघे गेले फरशीवर." गुरुजी गालात हसले. ते म्हणाले की बस्ता एकाच जागी बांधावा असं कुठं लिहिलं आहे?

निघताना चपलांचा घोटाळा झाला. पहारेकऱ्यानं भरलेली ट्रॉली कामावरच्या एका नव्या पोरानं मालाची समजून आत नेली होती, आणि चपलांच्या भागात कोणी एक बाई मीराबाईची शिवलेली वहाण उलटीपालटी करून तिच्यावर किंमत शोधत होती. मीराबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली. "इकायची नाई," ती म्हणाली.

दुपारी गादी भरली. तीळ ठेवायला जागा उरली नाही. म्हाताऱ्या सवयीनं पुढं सरकल्या आणि संघप्रिया मागं उंबऱ्याशी बसली. गुणवंतरावांनी पहिली साडी हातात घेतली, पण उलगडली नाही.

"संघप्रिया, समोर ये बाई. ताईसाठी एक साडी आधी पाहू. माह्याकडून. तिले कोनता रंग आवडते, तुले माहीत असन."

गादीवर कुजबुज झाली. मीराबाईनं स्वतः सरकून पोरीला जागा करून दिली. "मोरपंखी," संघप्रिया म्हणाली. "लहानपनापासून मोरपंखी."

संध्याकाळी मंडळी गेल्यावर झाडू रिकामी किटली घेऊन आला आणि अर्ध्या शटरकडं बघून म्हणाला, "भाऊ, तुमी तं शटर खाली घेनार होते ना?"

"घेतो ना. रोज घेतो. रात्री नऊ वाजता," गुणवंतराव म्हणाले.

त्या रात्री जेवताना त्यांनी मीठ मागितलं नाही. म्हणाले, "तुह्या दुकानात आरसा केवढा हाय ग? तेवढाच आपल्याकडं लावायचा म्हणतो. अन् मागच्या बोळात संडास बांधायचा. गवंड्याशी बोललो." आशाबाई भाकरी तव्यावरच विसरल्या.

"बरं होईन, बाबा," दिव्यानी म्हणाली.

"अन् तू..." गुणवंतराव ताटाकडं बघत राहिले. "मी तवा नाई म्हटलं, ते चुकलं माहं. तू येतेस का गादीवर?"

दिव्यानीनं न मागता त्यांच्या ताटात मीठ वाढलं. "नोकरी नाई सोडणार, बाबा. मले आवडते तिथी. पण बुधवारी सुट्टी असते माही."

"बुधवार तं बुधवार."

बुधवारी ती आली. चपला पायरीखाली काढल्या, वर चढली आणि सवयीनं कडेला बसू लागली. गुणवंतराव मधल्या जागेवरून उठले आणि ती जागा त्यांनी हातानं झाडली. ती बसली. थोड्या वेळानं आरमोरीकडचं एक कुटुंब आलं, दोन म्हाताऱ्या, एक काका, आणि त्यांच्या मागं, दाराजवळ, मान खाली घातलेली एक पोरगी. काकांनी रिवाजाप्रमाणं गुणवंतरावांना रामराम घातला.

दिव्यानी काकांच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली, "तुले काय पाह्यजे ग? ये समोर." पोरीनं आधी मागं वळून पाहिलं, की ही कोणाला म्हणते, आणि मग हळूच बोट वर केलं.

"बाबा," दिव्यानी म्हणाली, "वरच्या फळीवरचं गुलाबी काढा."

गुणवंतराव स्टुलावर चढले.